टोंगारिरो क्रॉसिंग: खरा कस उतारावर

न्यूझीलंडच्या टोंगारिरो राष्ट्रीय उद्यानातली ही वाट साधारण 20 किलोमीटरची. सात-आठ तास धरून चाला. मांगातेपोपोला 1120 मीटरवर सुरुवात, रेड क्रेटरला 1886, शेवट केतेताहीला 760 मीटरवर. म्हणजे चढ साडेसातशे मीटरचा आणि उतार अकराशेचा. उलट्या दिशेने जाण्यात काहीच हशील नाही.

सोडा स्प्रिंग्सपर्यंत दम लागत नाही. तिथून साउथ क्रेटरपर्यंत पायऱ्या, मग सपाटी, आणि त्यापुढे रेड क्रेटरची उघडी धार. वारा इथे थेट अंगावर येतो. धार ढगात असेल किंवा वाऱ्याने तोल जात असेल तर सपाटीवरूनच परत फिरा.

रेड क्रेटरवरून पाचूच्या रंगाच्या तळ्यांकडे (एमराल्ड लेक्स) उतरणारा घसारा हा या वाटेचा सगळ्यात बदनाम टप्पा. पायाखाली ज्वालामुखीची सुटी राख आणि खडी. घाबरून मागे रेललात की पाय सुटतो आणि बूड टेकते. गुडघे किंचित वाकवून, टाच रोवून, छोटी पावले टाका. दोन काठ्या घ्या, त्या उतरण्याआधी वरच लांब करून ठेवा. घोटा झाकणारे बूट नसतील तर खाली पोचेपर्यंत मोज्यात खडी भरलेली असते.

तळ्यांचा रंग मात्र फोटोतल्यासारखाच. आसपासच्या खडकांतून झिरपणाऱ्या खनिजांनी तो आलेला आहे. पाणी आम्लधर्मी आहे आणि इथल्या मूळ रहिवासी माओरींसाठी ही तळी पवित्र आहेत, तेव्हा पाण्यात पायही घालायचा नाही. पुढच्या निळ्या तळ्याच्या काठावर डबाही उघडू नये. न्गौरुहोए शिखर बाजूलाच खुणावते, पण माथ्यावर चढू नका अशी विनंती आहे, ती पाळावी.

यानंतरची केतेताहीची उतरण लांबच लांब, वळणावळणाची. ऑगस्ट 2012 मध्ये ‘ते मारी’ या ज्वालामुखी विवराचा उद्रेक झाला तेव्हा उडालेले दगड इथल्या ट्रेकर्सच्या झोपडीचे छप्पर फोडून आत आले होते. या धोक्याच्या पट्ट्यात विश्रांतीला बसू नये. शेवटचा जंगलातला तास कंटाळवाणा आहे, सुंदर असला तरी.

पिण्याचे पाणी वाटेत मिळत नाही. माणशी दोन-तीन लिटर न्या. शौचालये आहेत, कागद आपला. हंगामात मांगातेपोपोला गाडी चार तासांपेक्षा जास्त लावता येत नाही. गाडी शेवटाकडच्या पार्क-अँड-राइडला लावून सकाळच्या शटलने सुरुवातीला जाणे उत्तम. मग संध्याकाळची शेवटची बस गाठायला घसाऱ्यावरून धावावे लागत नाही; तसे धावले की गुडघे तिथेच जातात.

हिवाळ्यात क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे बर्फाचे काटे), बर्फाची कुऱ्हाड आणि ती वापरायचा सराव नसेल तर वाटाड्याशिवाय जाऊच नका. हवा बिघडली तर व्हाकापापा गावाहून तारानाकी धबधब्याची 6 किलोमीटरची फेरी करा. जुन्या लाव्हाच्या कडेवरून पाणी 20 मीटर कोसळते आणि दोन तासांत परत येता येते.