पेन्सिल पोर्ट्रेट : एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

चित्राला पाचपैकी साडेचार, फ्रेमला शून्य. त्याखाली देता येत नाही म्हणून शून्य.

चित्र ए-थ्री कागदावर, म्हणजे नेहमीच्या ए-फोरच्या दुप्पट. आम्ही आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, पोर्ट्रेट करून घेतलं. चित्रकार कोल्हापूरचे, साडेचार हजार रुपये, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, लवकर पिवळा न पडणारा अ‍ॅसिड-फ्री कागद. फ्रेम मात्र डोंबिवलीत केली, कारण काच लावलेली फ्रेम तिथून आणायची म्हणजे काच फुटणार हे धरूनच चालायचं. दिवाळीत चित्र भिंतीवर लागलं आणि आल्यागेल्याने कौतुक केलं.

जुलै संपता संपता आबांच्या कोटावर पांढुरके ठिपके दिसायला लागले. वाटलं, काचेवरची धूळ. पुसली, तरी जाईनात; ठिपके आतून होते. कागदालाही लाटा आलेल्या. फ्रेम उतरवली, मागचा हार्डबोर्ड काढला, कागद हलकेच उचलला, तर आबांची अर्धी मिशी काचेवरच राहिली! उलटी उमटलेली, पण केसन् केस ओळखू येईल अशी.

कारण एकच. फ्रेमवाल्याने कागद थेट काचेला टेकवला होता. मध्ये माउंट (चित्राभोवती बसवायची जाड पुठ्ठ्याची चौकट) नाही, पट्टी नाही, काही नाही. साध्या माउंट बोर्डाची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर असते, पण तेवढ्या फटीवर सगळं अवलंबून आहे. पावसाळी रात्री काच गार पडली की आतल्या दमट हवेचं पाणी काचेवर धरतं. फट असेल तर ते तिथेच सुकतं; नसेल तर कागद ते पितो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदाला बुरशी धरू शकते, आणि आपल्याकडे जुलैत ऐंशीच्या खालचा आकडा दिसणं मुश्कील. वर या गृहस्थांनी कागदाच्या चारही कडा चिकटपट्टीने आवळून टाकलेल्या. दमट हवेत कागद फुगतो, त्याला पसरायला जागा नसली की लाटा येणारच. खरं तर वरच्या कडेला दोन पट्ट्या लावून कागद नुसता टांगायचा असतो.

दुकानात गेलो. उत्तर तयारच होतं : ‘‘साहेब, पावसाळ्यात सगळ्यांचंच होतं असं. आणि माउंट पाहिजे असं तुम्ही बोलला नाहीत.’’ मी म्हटलं, टायर बसवून घेताना हवा भरा हे वेगळं सांगावं लागतं का? तर म्हणे, माउंटचे अडीचशे जास्त होतात, गिऱ्हाईक कुरकुरतं. अहो, मला विचारलं असतंत तर मी कुरकुरत का होईना, दिले असते! फ्रेमचे अकराशे घेतले होते. बरीच हुज्जत घातल्यावर नवी काच फुकट द्यायला तयार झाला. पैसे परत? छे.

आता चित्राबद्दल. चित्रकाराला मी फोनवर बरंच काही बोललो होतो, त्यातलं निम्मं मागे घेतो.

पहिली तक्रार चकाकीची होती. संध्याकाळी ट्यूब लावली की काळा कोट चक्क चंदेरी दिसायचा. मी म्हटलं, काळा रंग नीट भरलेला नाही. त्यांनी समजावलं की ग्रॅफाइटचे, म्हणजे पेन्सिलीतल्या शिशाचे, कण चपटे असतात, दाबून घासले की एका दिशेला आडवे होतात आणि उजेड परत फेकतात. ८बी, म्हणजे अगदी मऊ आणि गडद पेन्सिल, कितीही गिरवली तरी काळेपणा एका हद्दीपुढे जात नाही, चकाकी तेवढी वाढते. कोळशाच्या पेन्सिलीने गडद आणि मॅट काळा मिळतो, पण तो ग्रॅफाइटपेक्षा लवकर पुसटतो. मला ही सारवासारव वाटली. मग ट्यूबसमोरच्या भिंतीवरून चित्र काढून बाजूच्या भिंतीवर लावलं आणि कोट काळा झाला. तक्रार खलास. शिवाय ती आधीची भिंत पश्चिमेची, बाहेरून पाऊस झोडपणारी. तिथे चित्र लावूच नका.

मिशीबाबत मात्र चित्रकारांचा अर्धा स्टार कापला आहे. चित्र आणायला कोल्हापूरला गेलो तेव्हा आत्या बरोबर होती. ‘‘दादांची मिशी याहून दाट होती हो,’’ म्हणाली. (ती आबांना दादा म्हणते.) त्यांनी लगेच ८बी घेऊन मिशी गडद करून दिली. पण पेन्सिल पुसू नये म्हणून मारायचा फिक्सेटिव्हचा स्प्रे त्याआधीच मारून झाला होता, वरच्या थरावर पुन्हा मारला नाही. काचेला चिकटली ती हीच वरची मिशी. खालची शाबूत आहे.

चेहऱ्याला मात्र तोड नाही. आमच्याकडे आबांचे फोटो दोनच. एक लग्नाचा ग्रुप फोटो, त्यात चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा, दुसरा स्टुडिओतला. मी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला, तो त्यांनी परत केला. स्कॅन करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हणाले, कारण एरवी व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून बारीक करतं आणि डोळ्यांतली बारकाई जाते. स्टुडिओच्या फोटोवर तर त्यांचा विश्वासच नव्हता. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवरच बारीक पेन्सिलीने काम करून सुरकुत्या, डाग बुजवायचे. म्हणजे आबांच्या फोटोवर आधीच एक पेन्सिल फिरून गेलेली! म्हणून कपाळावरच्या आठ्या आणि डाव्या भुवईतली खोक त्यांनी आत्याला फोन करून विचारून घेतली. चित्रात ती खोक पाहिल्यावर आत्या बराच वेळ काही बोलली नाही. हे काम फोटोचं पेन्सिलचित्र करून देणाऱ्या अ‍ॅपचं नाही.

अ‍ॅपवरून आठवलं. ‘हाताने काढलेलं’ म्हणून फिल्टर मारलेले प्रिंटही विकले जातात. कागद तिरपा धरून पाहा : ग्रॅफाइट चमकतं, प्रिंटवरच्या रेघा तशा वेगळ्या चमकत नाहीत. ज्या चकाकीवरून मी भांडलो ती इथे कामाला येते. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच, उन्हाने ते उडत नाही. पिवळा पडतो तो कागद, आणि पाठीला रद्दी पेपर किंवा हलका पुठ्ठा लावला असेल तर अधिकच लवकर.

दुरुस्ती म्हणाल तर आधी दोन-तीन दिवस पंख्याखाली कागद सुकवला, मग गॅलरीत नेऊन मऊ ब्रशने बुरशी झटकली. ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. लाटा बऱ्याच बसल्या, सगळ्या नाहीत. मिशी चित्रकारांनी पुन्हा भरली. पैसे घेतले नाहीत, जाण्यायेण्याचा खर्च आमचा. या वेळी स्प्रे हातभर अंतरावरून, पातळ, दोनदा मारला.

नवी फ्रेम दुसऱ्या दुकानात केली, माउंट धरून चौदाशे. हलकी म्हणून काचेऐवजी प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅक्रिलिक घ्या म्हणत होते, पण पुसताना त्यात वीज साठते आणि ती पेन्सिलीची भुकटी ओढते, म्हणून काचच घेतली. काच पुसायचं लिक्विड आता फडक्यावर घेतो, काचेवर मारत नाही. खालच्या कडेतून ते आत झिरपतं. माउंट बसवताना मी काउंटरपाशी उभा होतो आणि काच लागल्यावर बॅटरी मारून बाजूने फट बघितली. दुकानदार वैतागला. वैतागू दे.

आजीचं चित्र याच चित्रकारांकडे दिलंय. दर पाचशेने वाढलाय, घासाघीस करून ती वाढ अडीचशेवर आणली. म्हणजे माउंटचे पैसे तिथे निघाले.