एमएस असताना फ्लूची लस: कोथरूडच्या मुलांच्या दवाखान्याचा अनुभव

दवाखाना लहान मुलांचा आहे पण रिव्ह्यू मोठ्यांसाठी लिहितेय, त्यातही ज्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आहे त्यांच्यासाठी. आपल्याकडे बरेच फॅमिली डॉक्टर फ्लूची लस ठेवत नाहीत, मागवून देतो म्हणतात आणि ते राहूनच जातं. मुलांच्या डॉक्टरांकडे मात्र लस फ्रीजमध्ये कायम असते आणि खपतही असते. सोसायटीतल्या एकीने सुचवलं म्हणून डहाणूकर कॉलनीजवळच्या या डॉक्टर मॅडमकडे गेले, दिवाळी झाल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा.

सगळ्यात आवडलं ते हे की मॅडमनी सुई हातात घ्यायच्या आधी औषध विचारलं. कुठलं चालू आहे, शेवटचं इन्फ्युजन (सलाइनमधून औषध) कधी झालं, पुढचं कधी आहे, सध्या रिलॅप्स (एमएसचा नवा अटॅक) किंवा स्टेरॉइड चालू आहे का. मी रिटुक्सिमॅब या औषधावर आहे, दर सहा महिन्यांनी असतं, त्याने बी सेल्स (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) खाली जातात त्यामुळे लस घेतली तरी अँटीबॉडी कमी बनतात, म्हणून माझ्या न्यूरोने (न्यूरोलॉजिस्ट, मेंदूचे डॉक्टर) आधीच सांगून ठेवलेलं की पुढच्या इन्फ्युजनच्या निदान महिनाभर आधी घ्या. मॅडमनी तारखा कागदावर मांडून बघितल्या, न्यूरोची चिठ्ठी वाचली आणि मगच हो म्हणाल्या. ओक्रेलिझुमॅब (तशाच प्रकारचं औषध) घेणाऱ्यांनाही हे वेळेचं गणित लागू आहे, तुमच्या न्यूरोला विचारून तारीख ठरवा.

हे एवढं कौतुकाने सांगतेय कारण आधी दुसऱ्या एका ठिकाणी (नाव घेत नाही) मला "तुम्हाला एमएस आहे ना, मग लस नकोच" म्हणून परत पाठवलं होतं, खूप वाईट वाटलं होतं तेव्हा. टोचायची फ्लूची लस ही मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही आणि एमएस असणाऱ्यांनी ती दरवर्षी घ्यावी असंच न्यूरोलॉजिस्ट सांगतात, उलट फ्लूच झाला तर रिलॅप्सचा धोका वाढतो. नाकात मारायचा स्प्रे मात्र जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूचा असतो, इम्युनिटी दाबणारी औषधं चालू असतील तर तो घ्यायचा नाही. मॅडमनी हा फरक माझ्या सासूबाईंना इतका सोपा करून सांगितला की त्यांनी आणि नवऱ्याने पण तिथेच लस टोचून घेतली. ते फार बरं झालं, माझ्यात अँटीबॉडी कमी बनणार असतील तर घरातल्यांनी फ्लू घरी न आणणं हेच माझं संरक्षण.

फ्रीज समोरच आहे, बाहेर डिजिटल थर्मामीटर, त्यावर 4 डिग्री दिसत होतं (2 ते 8 च्या मधे हवं). बॉक्स माझ्यासमोर उघडला, एक्स्पायरी आणि कुठल्या सीझनचे स्ट्रेन (विषाणूचे प्रकार) आहेत ते मला वाचायला दिलं, नंतर बॅच नंबरचा स्टिकर एका कार्डावर चिकटवला. कार्ड मुलांचंच, वर फुगा धरलेलं अस्वल, पण पुढच्या वर्षी न्यूरोला दाखवायला तेच उपयोगी पडेल.

घरी आल्यावर रात्री थोडा ताप आला आणि पाय जड झाले, डाव्या हाताला मुंग्या. घाबरू नका, ताप चढला की आपली जुनी लक्षणं वर येतात, तो नवा अटॅक नसतो. हेही मॅडमनी आधीच सांगितलं होतं. पॅरासिटामॉल घेतली, ताप उतरला तसे पाय पण ठीक झाले. ताप गेल्यावरही लक्षणं एका दिवसापेक्षा जास्त टिकली तर मात्र न्यूरोला फोन करा.

आता खटकलेलं. बाहेर तीन पायऱ्या आहेत, रॅम्प नाही, रेलिंग एकाच बाजूला आणि ते पण हलतं, व्हीलचेअरवाल्यांना अवघडच. एमएस 2016 च्या दिव्यांग कायद्यात आहे, दवाखान्यांनी तरी एवढं बघायला हवं. दुसरं म्हणजे संध्याकाळी वेटिंगमध्ये खोकणारी मुलं भरलेली असतात, आपल्याला तिथे बसणं बरोबर नाही. रिसेप्शनच्या ताईंना फोन करून एमएस आहे सांगितलं तर दुपारची फक्त लसीकरणाची वेळ देतात, तीच मागा. पैसे प्रत्येकी दोन हजारांच्या आत गेले, इन्शुरन्सने दिले नाहीत.

आणि मी थंडीपर्यंत थांबले तरी पुण्यात फ्लू पावसाळ्यात पण जोरात असतो, 2009 ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच होता, त्यामुळे महिना कुठला धरायचा तेही न्यूरोला विचारा. लसीचा असर यायला दोनेक आठवडे लागतात. न्यूमोनियाची लस पण मी इथेच घेणार आहे, मॅडम म्हणाल्या न्यूमोनियाच्या दोन लसी असतात, आधी पीसीव्ही 13 आणि मग किमान 8 आठवड्यांनी 23 वाली (पीपीएसव्ही 23), स्टॉक बघून फोन करतील.