उघडं शटर आणि साडेसोळा हजारांच्या स्प्रिंगा

दिवेलागणीला दुकानाचं शटर खाली येत नसेल, तर मालक कोणत्याही भावाला हो म्हणतो. माझ्याकडून साडेसोळा हजार गेले ते याच एका गोष्टीमुळे.

नागपुरात महाल भागात आमचं स्टेशनरीचं दुकान आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी शटर ओढताना वर खट्कन आवाज झाला आणि ते एका बाजूला कलून अडकलं. नेहमीचे मिस्त्री गावी गेलेले. मोबाइलवर शोधलं तर सगळ्यात वर एक नंबर आला: पत्ता नागपूरचाच, चोवीस तास सेवा, व्हिजिट 299 रुपये. (तो पत्ता मी नंतर जाऊन पाहिला. तिथं झेरॉक्सवाला बसतो, त्याला शटरमधलं काही ठाऊक नाही.)

बाइकवर दोन पोरं आली. भाव विचारला तर म्हणाले, "काका, आधी पाहू तर द्या. अर्ध्या घंट्याचं काम आहे." शेजारच्या दुकानातली दोघं हाताशी घेऊन त्यांनी पट्ट्यांचा पडदा सोडवला, भिंतीवरच्या ब्रॅकेटचे बोल्ट काढले आणि वरचा, स्प्रिंगा बसवलेला पाइप खाली उतरवला. भाव सांगितला तो त्यानंतर. "तिन्ही स्प्रिंगा गेल्या, बेरिंगही गेलं."

मी म्हटलं, "अरे, एकच तुटलेली दिसून राहिली ना."

"मग राहू द्या. आम्ही निघतो. पण पाइप परत चढवायचे पैसे वेगळे लागतील."

रात्रीचे साडेआठ, दुकान सताड उघडं, आत सणाचा गल्ला. पैसे यूपीआयने भलत्याच कुणाच्या नावावर गेले. पावती म्हणजे वहीचा कागद, त्यावर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर. जुन्या स्प्रिंगा भंगार म्हणून तेच घेऊन गेले.

आता हे यंत्र कसं चालतं ते नीट समजून घ्या, कारण सगळी चलाखी तिथंच आहे. दहा फूट रुंद आणि आठ फूट उंच शटरचा नुसता पत्रा, सव्वा मिलिमीटर जाडीचा धरला, तरी सत्तर किलोच्या वर भरतो. ते वजन आपण उचलत नाही, वरच्या पाइपवरच्या स्प्रिंगा पेलतात. स्प्रिंगचं एक टोक पाइपला आणि दुसरं पट्ट्या गुंडाळणाऱ्या चाकाला अडकवलेलं असतं. शटर खाली ओढलं की चाक फिरतं, स्प्रिंगला पीळ बसतो, आणि तोच पीळ सकाळी शटर वर चढवतो. म्हणजे शटर बंद असताना ताण सर्वांत जास्त आणि वर असताना सर्वांत कमी. त्यामुळे प्रामाणिक मिस्त्रीसुद्धा शटर वर ठेवूनच काम करतो. फरक इतकाच की तो सकाळी येतो.

सगळ्या स्प्रिंगा एकदम बदलायचा सल्ला मुळात खोटा नसतो. एकाच वयाच्या स्प्रिंगांतली एक तुटली तर बाकीच्याही थकलेल्या असतात. पण बदलायच्या म्हणजे बदलायच्या!

दिवाळीच्या आधीच आमचं शटर हातातून हिसका देऊन वर पळायला लागलं. मिस्त्रींनी पाइप उघडला. दोन स्प्रिंगा आमच्याच जुन्या, वरून काळा रंग मारलेला. तिसरी नवी, पण तिची तार बारीक. तेवढ्याच पिळाला मिळणारा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. तार दहा टक्के बारीक असली की जोर जवळजवळ एक तृतीयांशाने उतरतो. ती उणीव भरायला त्या पोरांनी पाइपला जादा फेरे देऊन ठेवले होते. त्याहून वाईट म्हणजे पाइप ब्रॅकेटमध्ये आवळणारा क्लॅम्प एका बाजूला नव्हताच, एका बोल्टवर भागवलं होतं. तो बोल्ट निसटला असता तर पाइप गर्रकन उलटा फिरला असता आणि सगळा पडदा खाली उभ्या माणसावर आला असता. रोज सकाळी तिथं माझा पुतण्या उभा असतो.

मिस्त्रींनी काम झाल्यावर शटर कमरेइतकं आणून सोडून दाखवलं. ते जागीच थांबलं. आपणहून वर धावलं तर पीळ जास्त, खाली घसरलं तर स्प्रिंग कमजोर, असं ते म्हणाले. ही परीक्षा पैसे देण्याआधी, बाजूला उभं राहून करून घ्या. घासलेट-ऑइल टाकून तुटलेली स्प्रिंग सुधारत नाही, आणि पाइप पाना घेऊन स्वतः तर अजिबात चढू नका. ताणलेल्या पाइपवरून पाना सुटला की मनगट मोडतं.

रात्रीच शटर अडकलं तर घरचं कुणी दुकानात झोपा, सकाळी मिस्त्री बोलवा. बोल्टला पाना लागण्याआधी भाव लिहून घ्या, काढलेली स्प्रिंग दुकानातच ठेवून घ्या.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. दुकान म्हणजे धंदा, मग ग्राहक कसे, असं कुणी अडवलं तर 2019च्या कायद्यातलं स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांचं कलम दाखवा. त्या पोरांचा नंबर आता लागत नाही. त्याच झेरॉक्सवाल्याच्या पत्त्यावर मात्र मोबाइलमध्ये दुसऱ्या नावाचं शटर रिपेअर दिसून राहिलं आहे, व्हिजिट 199 रुपये.