लकव्यानंतर आईला गावी न्यायचं की शहरात ठेवायचं?

डिस्चार्ज मिळाला की घरात पहिला वाद यावरूनच होतो. माझं मत आधी सांगते: जमत असेल तर पहिले तीन महिने फिजिओथेरपिस्ट जवळ असेल तिथे ठेवा, गावी मग न्या. अंगावरून वारं गेल्यावर हातापायांत जी सुधारणा होते, तिचा वेग याच काळात सर्वाधिक असतो.

गावात माणसं असतात. जीभ अडखळणाऱ्या आईशी कुणीतरी येता-जाता बोलतं, आणि लकव्यानंतर नैराश्य फार जणांना येतं, म्हणून हे मोलाचं आहे. पण संडास अंगणापलीकडे, उंबरठे उंच, आणि फिजिओथेरपिस्ट तालुक्याला. एसटीने नेऊन आणायचं तर दिवस जातो, सोबतच्याची मजुरी बुडते.

शहरात उपचार हाताशी, पण मुलगा-सून दोघं कामावर आणि आई दिवसभर बंद खोलीत, असं होणार असेल तर गावच बरं. ब्यूरोतून (रुग्ण सांभाळायला बाई पुरवणाऱ्या संस्थेतून) मावशी ठेवणं परवडतं का, हे आधीच पाहा.

‘घरच्यांनीच व्यायाम शिकून घेतले तर?’ हे भारतात तपासून झालंय. 14 रुग्णालयं, 1250 रुग्ण अशी ‘अटेंड’ चाचणी 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. घरच्यांना शिकवूनही सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही. म्हणजे घरची सेवा वाया जाते असं नव्हे. पण व्यायामाचा सगळा भार सुनेवर टाकून निर्धास्त होऊ नका.

काही गोष्टी मात्र कुठेही राहिलात तरी घरच्यांनाच याव्या लागतात. सगळ्यात आधी भरवणं. आडवं ठेवून कधीच नाही. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, आणि पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साचतं, ते बोटाला फडकं गुंडाळून काढा. नंतर अर्धा तास बसवूनच ठेवा. पाण्याने ठसका लागत असेल तर तोंडाने काही देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अन्न-पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. उठवताना लुळा हात ओढू नका, खांदा निखळतो. कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीसुद्धा.

गावी गेल्यावर खरा धोका गोळ्या सुटण्याचा. कुणीतरी लकव्यावर झाडपाल्याचं औषध देणारं गाव सुचवतं आणि बीपीची गोळी बंद होते. गडचिरोलीच्या ग्रामीण भागात ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघातच निघालं. बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. आशाताईंना सांगून ठेवा. मिश्री-तंबाखू पूर्ण बंद.

आई एकाच माणसाच्या आधाराने खाटेवरून खुर्चीत बसू लागली, ठसक्याविना जेवू लागली, की गावी न्यायला हरकत नाही. त्याआधी कमोडची खुर्ची आणा, आणि रात्रीची कूस कोण बदलणार ते सुनेला न विचारता ठरवू नका.