इंपालाला ‘रेसिंगचे क्लच पॅक’ आणि माझे एक लाख सहा हजार

काकांची 1965 ची शेवरोले इंपाला माझ्याकडे आली तेव्हा त्यांनी एकच बजावलं होतं, "इंजिन कुणालाही खोलू दे, गिअरबॉक्सला हात लावू द्यायचा न्हाई." मी हात लावू दिला. वर एक लाख सहा हजारही दिले. जुनी ऑटोमॅटिक गाडी बाळगणारे आपल्याकडे मूठभरच, पण तेवढ्यांनी तरी हे वाचावं म्हणून लिहितोय. गॅरेजवाल्याचं नाव देत नाही. पक्कं बिलच नाही, तर उद्या सिद्ध काय करणार?

गाडीला पॉवरग्लाइड आहे, फक्त दोन गिअरची ऑटोमॅटिक. लोक हसतात. पण शेवरोलेनं ती 1950 पासून 1973 पर्यंत वापरली, आणि 1962 पासून जी अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीत आली ती अमेरिकेतले ड्रॅग रेसिंगवाले आजही वापरतात. ही शेवटची माहिती मला आधीपासून होती आणि ती चारचौघांत सांगायची खोडही होती. त्या गॅरेजवाल्यानं नेमकी तीच नस पकडली.

दुखणं असं सुरू झालं. रिव्हर्स टाकला की इंजिन ओरडायचं, गाडी जागची हलायची नाही. पुढं जातानाही तेच. सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, आणि पार्किंगच्या फरशीवर मात्र तेलाचा थेंब नाही. त्यानं कावळा नाक्यापर्यंत एक चक्कर मारली, बॉनेटही उघडलं नाही, आणि सांगितलं, "क्लच पॅक गेलेत."

क्लच पॅक म्हणजे ड्रममध्ये एकाआड एक रचलेल्या प्लेटा, एक लायनिंगची (पकड धरणारा थर लावलेली), एक स्टीलची. तेलाच्या दाबानं पिस्टन त्यांना आवळतो आणि गिअर पडतो. लायनिंग झिजलं की प्लेटा घसरतात. इथवर तो खरंच बोलत होता. मग म्हणाला, "बॉक्स उतरवायचाच आहे तर रेसिंगचे पॅक टाकू. चारच्या जागी सहा प्लेटा, पातळ स्टील, अमेरिकेचा माल. परत बघायला नको." आकडा सांगितला ब्याण्णव हजार. आता कोल्हापूरच्या माणसाला साधं आणि भारी असं दोन्ही समोर ठेवल्यावर तो साधं घेईल होय? साठ हजार त्याच दिवशी दिले.

तीन आठवड्यांनी फोन आला, माल कस्टममध्ये अडकलाय, चौदा हजार लागतील. पाठवले. पावती मागितली तर "मालाबरोबर येतीय की" म्हणाला.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्यानं फडक्यावर जुन्या प्लेटा मांडून ठेवल्या होत्या. कोळशासारख्या काळ्या, कडेला निळसर डाग, एकीचा बाहेरचा दात तुटलेला. "अजून महिनाभर चालवली असती तर बॉक्सच गेला असता." मी घाबरलो, फोटो काढला आणि उरलेले बत्तीस हजार मोजले. प्लेटा घरी नेतो म्हणालो तर "स्क्रॅप हाय ते, हात काळे कशाला करताय" म्हणून त्यानं त्या आत ठेवून दिल्या.

महिनाभर गाडी झकास पळाली. मग एका रविवारी पाहुण्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ ओलांडून चढाला लागलो आणि इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडी मागं राहायला लागली. लिव्हर एलवर, म्हणजे लो गिअरवर, ओढला तर कुरकुर न करता चढली. उतरतानाही एलमध्येच आलो. मागच्या सीटवरची मंडळी अगदी गप्प होती.

उद्यमनगरात एक आप्पा आहेत. आयुष्य लेथवर गेलं, पण तरुणपणी अमेरिकन गाड्यांची कामं केलेली. त्यांना हे सांगितलं तर गाडी न बघताच त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा रिव्हर्सबी घसरत हुता न्हवं?" हो म्हटलं. मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी माहीत असतं तर पैसे वाचले असते. पॉवरग्लाइडमध्ये लो गिअर धरतो तो बँड, म्हणजे ड्रमला बाहेरून आवळणारा पट्टा. हायसाठी, म्हणजे दुसऱ्या गिअरसाठी, एक क्लच पॅक, रिव्हर्ससाठी दुसरा. तिन्ही एकाच दिवशी कसे जातील? सगळीकडे घसरतंय म्हणजे गिअरबॉक्सचं तेल कमी. बाहेर गळत नाही आणि धूर पांढरा, म्हणजे तेल इंजिन पितंय. बॉक्सवर व्हॅक्यूम मॉड्युलेटर नावाचं डबीएवढं एक पार्ट असतं, त्यातून एक नळी इंजिनकडं जाते. त्याचा पडदा फाटला की इंजिन त्या नळीतून गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतं. नळी काढून आत बोट घालायचं, ओलं लागलं की निदान झालं. आप्पांनी बोट घातलं. लाल निघालं, गिअरबॉक्सच्या तेलाचा रंग. म्हणजे मूळ बिघाड गॅरेजवाल्यानं तसाच ठेवला होता, वरून फक्त तेल भरून दिलं होतं.

तेल तरी कसलं! काकवीसारखं चिकट. घसरणं काही दिवस दबून राहावं म्हणून त्यात घट्ट करायचं औषध ओतलेलं. आता मात्र फक्त हायच घसरत होता, म्हणजे या खेपेला क्लच पॅक खरोखरच गेला होता. तेल कमी ठेवून गाडी पळवल्यामुळं.

बॉक्स उतरवला. ड्रममध्ये सहा नाही, चारच प्लेटा. त्याही जुन्याच, वरची चकाकी सँडपेपरनं घासून काढलेली. स्टीलवर पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. पिस्टनचं सील बोटानं दाबलं तर प्लास्टिकसारखं कडक. आप्पांनी फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, लावली. प्लेटा आणि त्यांना अडवून धरणाऱ्या स्नॅप रिंगमधली फट एका लायनिंगच्या प्लेटेमागं साधारण 10 थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) धरतात, म्हणजे चार प्लेटांना 40. इथं त्याच्या दुपटीवर होती. "पिस्टन आवळायला पोचंपर्यंत प्लेटा जळत्यात," एवढंच बोलले.

मग मी त्यांना फोनमधला फोटो दाखवला. चष्मा वर करून त्यांनी बघितला आणि हसायलाच लागले. आमच्या बॉक्समधल्या लायनिंगच्या प्लेटांना दात आतल्या कडेला असतात. फोटोतल्यांना बाहेर. त्या प्लेटा माझ्या गाडीच्या नव्हत्याच. बॉक्स उघडा असताना एकदा जरी जाऊन उभा राहिलो असतो, तरी हे मलाही दिसलं असतं.

गॅरेजवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "तुम्ही बाहेर खोललंत, वॉरंटी संपली." वॉरंटी होती हे मला तेव्हाच कळलं.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका गाडीवाल्याशी बोलताना हा विषय निघाला. त्याची मर्सिडीज, गिअरबॉक्स पूर्ण वेगळा, गॅरेज मात्र तेच. त्यानंही ‘आपल्या’ जळक्या प्लेटांचा फोटो काढून ठेवला होता. आम्ही दोन्ही फोन शेजारी ठेवून बघितले. फडकं वेगळं होतं, प्लेटा त्याच. तुम्हालाही कुणी दाखवल्या असतील तर फोटो उघडून बघा. डावीकडून तिसरी, बाहेरच्या कडेचा एक दात तुटलेला, शेजारी नखाएवढा निळा डाग.