डॉकर की पॉडमन?

लिनक्स लॅपटॉपवर कंटेनर (लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट बांधलेले, बाकी मशीनपासून वेगळे चालणारे प्रोग्रॅम) चालवायचेत, त्यासाठी डॉकर टाकू की पॉडमन, असं ऑफिसातल्या एका ज्युनिअरने विचारलं.

कमांडवरून ठरवू नका. ‘रन’, ‘पीएस’, ‘एक्झेक’ दोन्हीकडे तेच आणि इमेजही (ज्यांवरून कंटेनर बनतात ते साचे) त्याच चालतात.

खरा फरक परवानग्यांचा. डॉकरचा डीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) एरवी रूट (मशीनचे सगळे हक्क असलेला यूजर) म्हणून सतत चालू असतो, त्यामुळे ‘डॉकर’ ग्रुपमध्ये घातलेल्या माणसाच्या हाती अख्खं मशीन जातं. (हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.) रूटशिवाय चालवायची सोय आहे, पण ती मुद्दाम बसवावी लागते. पॉडमनला डीमनच नाही. साध्या यूजरने सुरू केलेला कंटेनर त्याच यूजरच्या हक्कांत राहतो. त्यापायी थोडा त्रासही होतो: 1024 च्या खालचे पोर्ट (नेटवर्कवर प्रोग्रॅमला मिळणारे क्रमांक) सहसा मिळत नाहीत, आणि फेडोरा या लिनक्सवर कंटेनरला फोल्डर जोडताना शेवटी ‘झेड’ (:Z) लावायचं राहिलं की एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा अडवते.

मशीन रीस्टार्ट झाल्यावर कंटेनर आपोआप उठवणं डॉकरमध्ये एका पर्यायाचं काम. पॉडमनमध्ये सिस्टिमडीशी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमशी) गाठ. कंपोझही (एका फाइलवरून अनेक कंटेनर एकत्र चालवायची सोय) डॉकरवरच जास्त बिनतक्रार चालतं.

नुकतंच शिकताय, टीममध्ये कंपोझच्या फाइली फिरतात, तर डॉकर घ्या. सर्व्हर अनेकांचा आहे आणि कुणालाही सुडो (रूटच्या हक्कांनी कमांड चालवायची मुभा) द्यायचा नाही, तर पॉडमन.