ड्रिप, रॉड आणि 'नो कॉस्ट ईएमआय': थकव्याच्या नावाखाली नाशिकमध्ये झालेली फसवणूक

नाशिकच्या रनिंग आणि सायकलिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एका 'एनर्जी रिकव्हरी प्रोग्रॅम'ची जाहिरात फिरते आहे. एका मिनिटात संपूर्ण शरीराची तपासणी, सलाईनमधून 'माइटो' (मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्यासाठीचं म्हणे) औषध, सोबत पावडरचे डबे, आणि जुनाट थकवा तीन महिन्यांत मुळासकट बरा. यात माझे 68,000 रुपये गेले. खरं तर अजून जातायत, हप्ते संपलेले नाहीत. तक्रार चालू असल्यामुळे सेंटरचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सगळी लिहिते, म्हणजे उद्या हीच मंडळी दुसऱ्या नावाची पाटी लावून बसली तरी तुम्हाला ओळखता येतील.

मी लांब पल्ल्याच्या धावपटूंना शिकवते. सकाळी गोल्फ क्लबवर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण तसं म्हणताना मी कुणाला ऐकलेलं नाही), रविवारी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर लाँग रन. पोरं बरीचशी दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडची. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून आदिवासी पाड्यांवरचे आईबाप मुलींना मैदानावर आणून सोडतात आणि सांगतात, "मॅडम, तुम्ही म्हणाल तसं." हा विश्वास पुढे सेंटरवाल्याला किती कामाचा वाटला ते सांगतेच.

डेंग्यूनंतर माझा थकवा गेलाच नाही. ताप उतरला, प्लेटलेट वर आल्या, सगळे म्हणाले महिनाभर अशक्तपणा राहतो. माझा राहिला तो राहिलाच. आता त्याला नाव मिळालंय: मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजेच क्रॉनिक फटीग सिंड्रोम. ज्यांना हे झालेलं नाही त्यांना समजावणं अवघड जातं, कारण 'थकले' हा शब्द सगळेच वापरतात. धावपटू थकतो, झोपतो, खातो आणि दोन दिवसांनी आधीपेक्षा भक्कम होतो. माझा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. या आजारात नेमकं तेच होत नाही. सोसवेल त्यापेक्षा जरा जास्त काम झालं की अंग कोसळतं. तेही लगेच नाही, बऱ्याचदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. मग कित्येक दिवस अंथरुण, उजेड नको, आवाज नको, साधे लॅपचे टायमिंग बेरजेला घेतले तरी डोकं चालत नाही. मी आता मैदानावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून शिट्टी वाजवते. मनगटावरच्या घड्याळात नाडीची मर्यादा लावून ठेवलीय. पोरांच्या घड्याळात असला अलार्म 'वाढव' म्हणून सांगायला असतो, माझ्या घड्याळात 'थांब' म्हणून.

हा आजार रक्ताच्या एका तपासणीत सापडत नाही, आणि तो बरा करणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही. फसवणाऱ्याचं दुकान या दोन मोकळ्या जागांत उभं राहतं. ज्याला वर्षभर "रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका" एवढंच ऐकायला मिळालंय, त्याला कुणी चाळीस पानांचा रिपोर्ट हातात ठेवून "मॅडम, हे बघा, इथे प्रॉब्लेम आहे" म्हटलं की अर्धं काम तिथंच होतं.

रिपोर्ट असा निघतो. हातात पितळी दांडीसारखा रॉड देतात, वायर लॅपटॉपला जोडलेली. नाव, वय, उंची, वजन, स्त्री की पुरुष, एवढं भरायचं. मिनिटभर रॉड धरायचा आणि प्रिंटर सुरू. यकृत, किडनी, हाडं, हार्मोन, जीवनसत्त्वं, शिसं, पारा, सगळ्याचे आकडे, लाल-हिरव्या पट्ट्यांसकट. रक्ताचा एक थेंबही न घेता. माझ्या रिपोर्टात 'पेशींची ऊर्जा 31 टक्के' असं लाल अक्षरांत होतं. कुठल्या पेशी, कशाच्या 31 टक्के, ते कुठेच नव्हतं.

पुढे माझ्याकडच्या एका मुलीच्या वडिलांनी 1,500 रुपये मोजून तिचाही असाच रिपोर्ट काढून आणला. मैदानाच्या कठड्यावर बसून मी पानं उलटत होते. एका पानावर ठळक मथळा: प्रोस्टेट. खाली शेरा, 'सौम्य वाढ'. मुलगी सतरा वर्षांची. ऑपरेटरने यादीतून 'पुरुष' निवडलं होतं, म्हणून यंत्राने इमानदारीत पुरुषाचा रिपोर्ट छापला! रॉड काही मोजत नाही, भरलेल्या माहितीवरून पानं जुळवतो, याचा याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता. तो रिपोर्ट मी तक्रारीला जोडलाय.

हे सगळं कळेपर्यंत माझ्या हाताला ड्रिप लागून गेलेली होती, आणि खरं सांगायचं तर पहिल्या ड्रिपने बरं वाटलं. लोक "मला फरक पडला" असं शपथेवर सांगतात ते खोटं नसतं, म्हणून हे नीट लिहिते. या आजारात पुष्कळांना उभं राहिलं की त्रास होतो: नाडी पळते, डोकं हलकं होतं, पाय गळतात. शिरेतून अर्धा लिटर मिठाचं पाणी गेलं की रक्ताचं आकारमान थोडा वेळ वाढतं आणि उभं राहणं सोपं होतं. संध्याकाळी मी जिना न थांबता चढले. दुसऱ्या दिवशी उतरलं. बाटलीवर सेंटरचं सोनेरी स्टिकर होतं, पण त्याचा एक कोपरा उचकटलेला. पडल्या पडल्या ती डोळ्यांसमोरच लटकत असते, वाचण्यापलीकडे दुसरं काही करायलाही नसतं. स्टिकरखाली छापलेलं होतं, सोडियम क्लोराइड 0.9 टक्के, 500 मिली. म्हणजे साधं सलाईन. पिवळा रंग मल्टिव्हिटॅमिनचा, शेजारच्या ट्रेमध्ये फोडलेली अँप्युल पडलेली होती. कुठल्याही मेडिकलमध्ये या दोन्हींना जे पैसे पडतात त्याच्या कितीतरी पट या एका बाटलीचे लावलेले.

ड्रिपबरोबर व्यायामाचा तक्ता मिळतो. दर आठवड्याला चालणं दहा टक्क्यांनी वाढवा. ही त्या सेंटरवाल्याची खरी हुशारी. दहा टक्क्यांचा नियम आमच्या धावण्याच्या जगात पाठ असतो, मीच शेकडो पोरांना तो सांगितलाय. समोरचा आपल्याच भाषेत बोलतो तेव्हा शंका यायला वेळ लागतो. या आजारात मात्र ठरावीक दराने व्यायाम वाढवत नेणं घातक ठरू शकतं. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांमधून तो उपचार काढून टाकला. मी तक्ता पाळला आणि कोसळले. फोन केला तर तिकडून आनंदाने उत्तर: "अरे वा मॅडम, हीलिंग क्रायसिस आहे! टॉक्सिन बाहेर पडतायत. ड्रिप वाढवू." बरं वाटलं तर औषधाने, कोसळलं तर तेही औषधानेच. त्यात कोसळणं एक-दोन दिवस उशिरा येत असल्याने कशामुळे काय झालं हे रुग्णाला जुळवता येत नाही, आणि तो गोंधळ सेंटरच्या पथ्यावर पडतो. "त्रास होतोय म्हणजे गुण येतोय" असं कुणी म्हटलं की तिथून उठा. बाकी काहीच लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

मला उठवलं ते वेगळ्याच गोष्टीने. मी अंथरुणात असताना हा सेंटरवाला मैदानावर जाऊन आला. पोरांना सांगून आला की मॅडम आमच्याकडेच ट्रीटमेंट घेतात, तुम्हाला रेसच्या आदल्या दिवशी 'रिकव्हरी ड्रिप' निम्म्या दरात देऊ. मला वेगळा मेसेज: "टीम पॅकेज करू, तुमचे वीस टक्के बाजूला." पेठच्या एका पोराने फोन करून विचारलं, "मॅडम, ड्रिप घेऊ का? नुसतं पाणीच आहे म्हणतात."

नुसतं पाणी असलं तरी चालत नाही. हे प्रत्येक कोचने आणि पालकाने लिहून ठेवावं. जागतिक उत्तेजक द्रव्यविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या नियमानुसार 12 तासांत एकूण 100 मिलीपेक्षा जास्त काहीही शिरेतून घेणं निषिद्ध आहे. स्पर्धेच्या काळात आणि एरवीही. बाटलीत काय आहे हा प्रश्नच येत नाही, ती पद्धतच निषिद्ध. अपवाद फक्त रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि निदानाच्या वैद्यकीय तपासण्या यांचा. कॉम्प्लेक्सच्या दुसऱ्या मजल्यावरचा सोफा म्हणजे रुग्णालय नव्हे. ती 500 मिलीची एक बाटली त्या पोराच्या कारकिर्दीवर बंदी आणू शकली असती, आणि भरतीसाठी, नोकरीसाठी पळणाऱ्या घरात त्याचा अर्थ काय होतो ते मला माहीत आहे. त्या दिवशी मी पोरांना झोपल्या झोपल्या व्हॉइस मेसेज पाठवला आणि सेंटरला पैसे परत मागणारा ईमेल.

इथून पैशाची गोष्ट सुरू होते. प्रवेश घेताना टॅबवर आधार, पॅन, सेल्फी आणि दोन ओटीपी घेतले होते. "रजिस्ट्रेशन आहे मॅडम, पैसे हप्त्याहप्त्याने, व्याज शून्य." प्रत्यक्षात ते माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज होतं. पूर्ण रक्कम सेंटरला पहिल्याच आठवड्यात पोचली, हप्ते मी कंपनीला देणं लागते. उपचार बंद केले तरी कर्ज बंद होत नाही, हप्ता चुकवला तर सिबिल आपला बिघडतो. पावती उघडून बघितली तर 'उपचार' हा शब्दच नाही: 'वेलनेस व न्यूट्रिशन प्रॉडक्ट्स, नॉन-रिफंडेबल'. आजार बरा करण्याचा दावा तोंडी, जाहिरातीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर; कागदावर पावडरचे डबे. डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 'कूलिंग ऑफ' मुदत असते. कराराबरोबरच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) ती लिहिलेली असते आणि तेवढ्यात मुद्दल व त्या दिवसांचा खर्च भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मला तो कागद ईमेलवर आला होता, इंग्रजीत, प्रमोशनच्या मेलांमध्ये. ओटीपी देण्याआधी एवढंच विचारा: हे कर्ज आहे का, कुणाचं, आणि स्टेटमेंट कुठे आहे.

'डॉक्टर' पाटीबद्दलही थोडं. यांच्या पाटीवर 'एम.डी. ए.एम.' होतं, ए.एम. म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. नोंदणी क्रमांक मागितल्यावर भिंतीवरची फ्रेम दाखवली. अ‍ॅलोपॅथीवाल्यांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. खरा डॉक्टर क्रमांक विचारल्यावर रागवत नाही. पावडरच्या डब्यावरचा अन्नसुरक्षा परवान्याचा 14 अंकी क्रमांक दाखवून "सरकारमान्य" म्हणतील. तो परवाना खाद्यपदार्थ विकायचा आहे, आजार बरा होण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुढे एका फिजिशियनकडे गेले. त्यांनी आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर, झोपेतला श्वास असं एकेक बाजूला काढलं, कारण थकवा यातल्या कशानेही येतो आणि यातल्या बहुतेकांवर इलाज आहे. मग मला दहा मिनिटं आडवं पाडलं, नाडी आणि बीपी लिहिलं, आणि दहा मिनिटं उभं केलं, दर मिनिटाला आकडा. उभं राहिल्यावर नाडी मिनिटाला तीस ठोक्यांनी किंवा जास्त वाढून तशीच राहिली आणि बीपी पडलं नाही तर ती लक्षात घेण्यासारखी गोष्ट असते; माझी चाळीसने वाढली. बीपीचं मशीन आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढ्यात झालं. बरं होण्याचं वचन त्यांनी दिलं नाही. पायात घट्ट मोजे, पाणी, बीपी बघून मीठ (हे आपल्या मनाने करू नका), आणि शक्ती संपायच्या आत थांबायची सवय. धावपटूला यातली शेवटची सगळ्यात जड.

तक्रारीचं असं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन केला, त्यांनी सेंटरला कळवलं, सेंटरने उत्तर दिलं की ग्राहकाने प्रॉडक्ट वापरलंय. मग ई-जागृती पोर्टलवरून नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं, आणि 2019 च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, सेंटर मुंबई-पुण्याचं असलं तरी. मला उपयोगी पडलं ते हे की मी काहीच डिलीट केलं नव्हतं: 'शंभर टक्के बरे' असा मेसेज, हीलिंग क्रायसिसचा व्हॉइस मेसेज, बाटलीचा फोटो, जाहिरातीचे स्क्रीनशॉट तारखेसकट. सेंटरवाले फोनवर बोलूया म्हणतात, बोलू नका, लेखी मागा. फायनान्स कंपनीलाही प्रतिपक्ष केलंय. सेंटरने मध्यंतरी निम्मे पैसे देऊ केले होते, अट अशी की ग्रुपवर 'गैरसमज दूर झाला' असं लिहायचं. ते मी नाकारलं.

पेठच्या पोराने ड्रिप घेतली नाही. मुलीच्या वडिलांचे 1,500 त्यांनी स्वतः सेंटरवर जाऊन, प्रोस्टेटचं पान काउंटरवर ठेवून, सगळ्यांसमोर परत घेतले. आयोगाकडून पुढची तारीख लागली आहे, तोवर हप्ते मी वेळेवर भरतेय. कुणाकडे त्याच सेंटरच्या पावत्या असतील तर जपून ठेवा आणि आपापली तक्रार दाखल करा.